क्लोरीनविना चालणारा पूल पुन्हापुन्हा गढूळ होतोय? आधी किट बदला

लक्षणं बहुतेक घरी सारखीच. आठ-दहा दिवस पाणी नितळ राहतं, मग एका सकाळी दुधट दिसायला लागतं. फिल्टरच्या गेजचा काटा चढलेला असतो. बॅकवॉश घेतला, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुतला, की दिवसभर बरं वाटतं आणि परत तेच. केअरटेकर क्लोरीन मोजायचं पिवळ्या थेंबांचं किट काढतो, नळीला रंगच येत नाही, म्हणजे त्याच्या मते औषध संपलं. मग तो हाताशी असेल ते ओततो आणि पाणी आणखी बिघडतं. मालक मुंबई-पुण्याहून फोनवर विचारत असतो, "आपला पूल केमिकल-फ्री आहे ना? मग हे काय चाललंय?"

उत्तर गोव्यातल्या हणजूण, आसगाव, शिवोली, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात असे पूल आता बरेच आहेत. त्यांची देखभाल करताना मला वारंवार दिसतं ते हे: दोष औषधात क्वचित असतो. पाण्यात नेमकं काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, आणि जे किट वापरतात ते भलतंच काहीतरी मोजत असतं. बाकी सगळी भानगड इथून सुरू होते. म्हणून उपायाच्या आधी ओळख.

पाण्यात आहे तरी काय?

पंप रूममध्ये जा. पाइपवर बसवलेला सेल आणि शेजारी मिठाच्या गोण्या दिसल्या तर हा लेख तुमच्यासाठी नाही. मिठाचा पूल हा क्लोरीनचाच पूल. पाण्यात ३००० ते ४००० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) मीठ असतं आणि सेल विजेच्या जोरावर त्यातूनच क्लोरीन तयार करतो. पाहुण्यांना "क्लोरीन-फ्री सॉल्ट पूल" म्हणून सांगणारे बंगलेवाले आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण त्या पूलला साधं क्लोरीनचं किट अगदी बरोबर चालतं.

सेल नसेल तर ड्रमवरचं लेबल वाचा. वरचं मोठं नाव सोडा, बारीक अक्षरांतला घटक बघा. पॉलिहेक्सामिथिलीन बायग्वानाइड किंवा पीएचएमबी लिहिलं असेल तर ते बायग्वानाइडचं पाणी. कॉन्टॅक्ट लेन्सच्या काही द्रावणांत असतं तेच हे रसायन. हायड्रोजन पेरॉक्साइड एकटं असेल, किंवा चांदीसोबत, तर तो पेरॉक्साइडचा पूल. बायग्वानाइडच्या जोडीलाही पेरॉक्साइड लागतंच, त्यामुळे दोन्ही ड्रम दिसले तर पहिला प्रकार धरा. गोळ्यांच्या डब्यावर बीसीडीएमएच असेल तर ते ब्रोमीन. त्या नावातला सी क्लोरीनचा आहे, म्हणून ते "क्लोरीनमुक्त" म्हणणं जरा धाडसाचं. पाइपवर तांब्या-चांदीच्या पट्ट्यांची पेटी असेल तर आयोनायझर.

लेबलं पुसलेली असतात आणि औषध पाण्याच्या बाटल्यांत ओतून ठेवलेलं असतं, हेही नेहमीचंच. (असं करू नका. पेरॉक्साइड आणि पिण्याचं पाणी दोन्ही पाण्यासारखंच दिसतं.) तेव्हा बादलीची चाचणी करायची. दोन स्वच्छ प्लास्टिकच्या बादल्या उघड्यावर ठेवा. एकीत पूलचं दहा लिटर पाणी, दुसरीत त्याच विहिरीचं किंवा नळाचं ताजं पाणी, जे पूलमध्ये भरता. दोन्हींत चहाचा एक चमचा द्रव क्लोरीन टाका आणि दहा मिनिटं थांबा.

पूलची बादली पिवळट-तपकिरी झाली, गढुळली, पण शेजारची तशीच राहिली, तर पाण्यात बायग्वानाइड आहे. दोन्ही तांबूस झाल्या तर तो विहिरीतला लोह, बायग्वानाइडचा पुरावा नव्हे. दुसरी बादली याचसाठी. पूलच्या बादलीत बारीक बुडबुडे आले आणि दहा मिनिटांनी पिवळ्या थेंबांनाही रंग आला नाही, तर पेरॉक्साइड आहे. ते आणि क्लोरीन एकमेकांना संपवतात, मागे ऑक्सिजन, पाणी आणि थोडं मीठ उरतं. ही चाचणी फक्त बादलीत, पातळ पाण्यावर करायची. ड्रममधलं एक औषध दुसऱ्या ड्रममधल्या औषधात मिसळून "बघणं" जिवावर बेतू शकतं.

बायग्वानाइडचा पूल: सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच

बायग्वानाइड उन्हाने उडत नाही, डोळे झोंबत नाहीत, वास नाही. आपल्याकडच्या उन्हात ही मोठी सोय. पण ते फार कुणाशी पटवून घेत नाही. क्लोरीन, ब्रोमीन, तांबं, ओझोन, पोटॅशियम मोनोपरसल्फेटचा शॉक (मळ जाळायला दिलेला मोठा डोस), कपड्यांचा साबण, फॉस्फेटवाले क्लीनर, यांतलं काहीही पाण्यात गेलं की दुधात लिंबू पिळल्यासारखं होतं. तो साका फिल्टरच्या वाळूत अडकतो, काटा चढतो, वाळू चिकट होते आणि पुढचा महिनाभर फिल्टर नीट गाळत नाही.

तर मग हे क्लोरीन येतं कुठून? पहिला रस्ता केअरटेकरचा. म्हापशाला हार्डवेअरच्या दुकानात जे दोन नळ्यांचं किट मिळतं, पिवळ्या आणि लाल थेंबांचं, त्यातले पिवळे थेंब ऑर्थोटोलिडिनचे. ते फक्त क्लोरीन आणि ब्रोमीन दाखवतात. बायग्वानाइडला ते ओळखतच नाहीत. पूलमध्ये ५० पीपीएम औषध असलं तरी नळी कोरीच राहणार. त्या मुलाची चूक नाही, त्याला शिकवलंय तेच तो करतो: रंग नाही म्हणजे क्लोरीन घाला. अशा घरातून पिवळे थेंब पूलच्या कामासाठी बाद करा. लाल थेंब, म्हणजे पीएचचे, ठेवा. पंप रूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा: "या पाण्यात क्लोरीन घालू नये." आणि उरलेलं क्लोरीन घरातून बाहेर काढा. कुलपात ठेवलं तरी चवथीला मुख्य माणूस गावी जातो आणि बदली आलेला कुलूप उघडतोच.

दुसरा रस्ता लक्षात यायला वेळ लागतो, आणि गोव्यात तो फार चालता आहे. पावसाच्या तोंडावर किंवा पाऊस ओसरल्यावर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. शेजारच्या विहिरीत टाकली, त्याच विहिरीवरून टँकर भरला, तो तुमच्या पूलमध्ये रिकामा झाला. दोन दिवसांनी पाणी दुधट. पूलमध्ये कुणी काहीच घातलेलं नसतं, सगळे शपथेवर सांगतात आणि ते खरंही असतं. अस्नोड्याच्या किंवा चांदेलच्या प्रकल्पातून नळाला येणाऱ्या पाण्यातही क्लोरीन असतं, पण थोडं, रोजच्या दोन बोटं भरतीला त्याने काही होत नाही. ताज्या ब्लीचिंगचा दहा हजार लिटरचा टँकर मात्र नडतो. म्हणून पूलसाठी बाद केलेले ते पिवळे थेंब टँकरसाठी जपून ठेवा. पाइप पूलमध्ये सोडण्याआधी बादलीभर पाणी काढा, त्यातली नळी भरून घ्या आणि तिच्यात थेंब टाका. पिवळं झालं तर तो टँकर त्या दिवशी बागेला. विहीर घरचीच असेल तर ब्लीचिंगची तारीख भिंतीवर लिहून ठेवायची आणि पिवळा रंग यायचा थांबेपर्यंत तिचं पाणी पूलला द्यायचं नाही.

तिसरा रस्ता फरशीचा. पूलच्या कडेची टाइल्सची रेघ मळकट होते, ती घासायला कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण घेतात. साबणाचे रेणू ऋणभाराचे, बायग्वानाइड धनभाराचं. दोघं भेटले की पांढरा साका. पाहुण्यांनी थापलेलं सनस्क्रीन आणि खोबरेल आहेच वरून. टाइल्सना खाण्याचा सोडा आणि ओला स्पंज पुरतो.

आता बिघडलंच तर काय करायचं. कशाचाही नवा डोस देऊ नका, आधी पंप चोवीस तास चालू द्या. स्वच्छ फिल्टरवर काटा जिथे असतो त्याच्या वर अर्धा-पाऊण बार चढला की बॅकवॉश. तळाला बसलेला साका फिल्टरमधून फिरवू नका, व्हॅक्युम करताना फिल्टरवरचा मल्टिपोर्ट वाल्व "वेस्ट"वर ठेवा, म्हणजे घाण सरळ बाहेर जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी उजळतं. मग पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणा, बायग्वानाइड मोजा, कमी असेल तेवढंच घाला, आणि शेवटी पेरॉक्साइडचा महिन्याचा डोस. वाळू चिकट झाली असेल तर बायग्वानाइडसाठीच बनवलेल्या फिल्टर क्लीनरने धुवावी लागते. क्लोरीनच्या पूलमध्ये वाळू पाच-सात वर्षं जाते, इथे दरवर्षी बदलायची तयारी ठेवा. "वाळू कशाला बदलायची, ती काय खराब होते?" असं म्हणणाऱ्या मालकाला फिल्टर उघडून मूठभर वाळू हातात द्यावी. ढेकूळ बघितल्यावर तो पुढे बोलत नाही.

पाण्यात ओल्या टिश्यूच्या चिंध्यांसारखं पांढरं तरंगताना दिसलं तर तो साका नाही, ती पांढरी बुरशी. शिडीच्या खोबणीत, दिव्याच्या मागे, स्किमरच्या (वरचा कचरा ओढणाऱ्या पेटीच्या) झाकणाखाली बोटाला गुलाबी बुळबुळीत लागलं तर ते जीवाणू. दोन्ही बायग्वानाइडला सरावतात, म्हणून अशा पूलमध्ये परत परत येतात. पाणी स्वच्छ केलं तरी मुळं या आडोशांत राहतात. दिवा खोबणीतून बाहेर काढून मागची बाजू घासल्याशिवाय यातून सुटका नाही. घासून झाल्यावर बायग्वानाइड ५० पीपीएमपर्यंत, पेरॉक्साइडचा पूर्ण डोस, पंप सलग चालू, आणि त्याच आठवड्यात फिल्टरची धुलाई. ब्रश आणि व्हॅक्युमची नळीही धुवा. एका बंगल्याचा ब्रश दुसऱ्या बंगल्यात नेला की बुरशीही सोबत जाते.

आकडा कशाचा, ते विचारा

बायग्वानाइडची पातळी ३० ते ५० पीपीएम ठेवतात. हा आकडा बाटलीतल्या द्रवाचा, शुद्ध रसायनाचा नाही. बाटलीत साधारण २० टक्केच पीएचएमबी असतं, म्हणजे ५० पीपीएम द्रव म्हणजे १० पीपीएम शुद्ध पीएचएमबी. काही पट्ट्या आणि किट शुद्ध रसायनाचा आकडा दाखवतात. एका कंपनीचं औषध आणि दुसऱ्याच्या पट्ट्या वापरल्या, पट्टी १० दाखवते, माणूस घाबरून पाचपट ओततो. मग पाण्याला फेस येतो आणि वरून अंगाला बुळबुळ लागते. पट्टीच्या डबीवर आकडा कशाचा आहे ते वाचा, नाही सापडलं तर औषध आणि पट्ट्या एकाच कंपनीच्या घ्या.

हिशेब सोपा आहे. ८ मीटर लांब, ४ रुंद, सरासरी १.४ खोल म्हणजे जवळजवळ ४५,००० लिटर. पातळी ३० वरून ५० ला न्यायला २० पीपीएम हवेत, म्हणजे ९०० मिली द्रव. पेरॉक्साइडचा महिन्याचा डोस याच पूलला २७ टक्क्यांचं सुमारे ४ लिटर. आपल्याकडे ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड सर्रास मिळतं, त्याचं २ लिटर पुरतं. लेबल न बघता ४ लिटर ओतणारे भेटतात. ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडी पांढरी करतं आणि डोळा घालवू शकतं, हातमोजे आणि चष्म्याशिवाय झाकण उघडू नका. कॅन सावलीत, हवा सुटणाऱ्या झाकणाचाच. फुगलेला कॅन दिसला की तो हलवायच्या आधी लांब उभं राहून विचार करा.

पावसाळ्याचा हिशेब

जून ते सप्टेंबर गोव्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. १.४ मीटर खोल पूलवर तो पडला आणि वरचं पाणी ओव्हरफ्लोने जात राहिलं, तर मोसमभरात पूलचं पाणी दोनदा बदलण्याइतकं पाणी त्यातून जातं. मधे डोस दिला नाही तर जूनमधल्या ५० पीपीएमचे सप्टेंबरअखेर ६-७ उरतात. एका रात्रीत १०० मिलिमीटर पडला तर एका रात्रीत सात टक्के गेले. "पावसात कुणी पोहत नाही, औषध कशाला" हे म्हणणं त्यामुळे महाग पडतं. सप्टेंबरच्या शेवटी हिरवा झालेला पूल उपसायला जे लागतं त्याच्यापेक्षा चार महिन्यांचा डोस स्वस्त.

पावसाचं पाणी मऊ, त्यात अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरायची ताकद, जवळजवळ नाही. जांभ्यातल्या विहिरीही तशाच, आणि बऱ्याचदा आंबट, पीएच सहाच्या आसपास. दोन्ही मिळून पूलची अल्कलिनिटी खाली ओढतात आणि मग पीएच रोज वेगळा दिसतो. माणूस पीएचच्या मागे धावत राहतो. आधी अल्कलिनिटी ८० ते १२० मध्ये आणा. ४५,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला ८०० ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा लागतो. अर्धा अर्धा करून टाका, मधे एक दिवस जाऊ द्या.

पेरॉक्साइड टाकलं की पाणी चहासारखं का होतं?

पेडणे-बार्देशातल्या जांभ्यातल्या विहिरींत लोह असतो. विहिरीतून काढलेलं पाणी ग्लासात स्वच्छ दिसतं कारण लोह विरघळलेला असतो. पेरॉक्साइड लागलं की तो गंजतो आणि तांबूस दिसतो. उलट दिशेनेही नुकसान होतं: लोह पेरॉक्साइडला झपाट्याने मोडतो. म्हणून सकाळी ८० पीपीएम मोजलेलं पेरॉक्साइड दुसऱ्या दिवशी १० दिसतं, आणि दुकानदार म्हणतो माल नकली. माल बहुतेक वेळा ठीक असतो, विहिरीचं पाणी तपासलेलं नसतं. ०.३ पीपीएमच्या वर लोह असेल तर डाग आणि तांबूसपणा येणारच. भरतीच्या पाइपला लोह काढणारा फिल्टर लावा, निदान टाकीत रात्रभर फवारून, निवळवून वरचं पाणी घ्या. लोह बांधून ठेवणारी औषधं मिळतात, पण त्यांतली फॉस्फेटवाली बायग्वानाइडला चालत नाहीत, म्हणून डब्यावर बायग्वानाइडशी जुळतं असं लिहिलेलंच घ्यायचं.

पूल फक्त पेरॉक्साइडवर असेल तर ५० ते १०० पीपीएम धरून ठेवावं लागतं, आणि ते ऊन खातं, यूव्ही दिवा खातो, पानं खातात. माडाखाली किंवा चाफ्याखाली पूल असेल तर विसराच. शिवाय इतक्या पातळ पेरॉक्साइडचा जंतूंवर असर सावकाश होतो. एका घरची चार माणसं पोहत असतील तर चालेल. दर शनिवारी नवे पाहुणे येत असतील तर मी सुचवणार नाही.

जकूझी

जकूझीत पाणी कमी, माणसं जास्त, तापमान ३८-४० अंश. ४० च्या वर नेऊच नये. या उबेत स्यूडोमोनास आणि लेजिओनेला या जंतूंना फावतं. पहिला अंगावर पुरळ उठवतो, दुसऱ्याने न्यूमोनिया होतो आणि तो जेटच्या तुषारांतून श्वासात जातो. म्हणून इथे नुसत्या ओझोनवर किंवा "एन्झाइम"वर भरवसा ठेवणं मला पटत नाही. क्लोरीन नको असेल तर ब्रोमीन. अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या) सूचनेप्रमाणे ते गरम टबमध्ये ४ ते ८ पीपीएम, पीएच ७ ते ७.८.

ब्रोमीन ज्या किटने मोजता ते क्लोरीनचंच असतं, गुलाबी रंगाचं डीपीडी. फक्त आकड्याला २.२५ ने गुणायचं. क्लोरीनच्या पट्टीवर २ दिसलं तर ब्रोमीन ४.५. हे न गुणल्यामुळे दुप्पट डोस जातो. मग उलट गंमत होते: ब्रोमीन फारच वाढलं की डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येतो आणि उडून जातो, नळी पांढरी दिसते, आणि माणूस म्हणतो शून्य! थेंब पडताक्षणी गुलाबी झलक आली आणि गेली तर तो शून्य नव्हे. नमुन्यात तेवढंच आरओचं पाणी मिसळून पुन्हा मोजा, आकडा दुप्पट करा. पीएचच्या लाल थेंबांनीही अशा वेळी जांभळा रंग दिला तर त्या रंगावर विश्वास नको. आधी ब्रोमीन उतरू द्या.

सोडियम ब्रोमाइड आणि मोनोपरसल्फेट शॉक अशी जोडी वापरत असाल तर पाणी बदलल्यावर नेहमी होणारा घोळ असा: टब रिकामा केला, नवं पाणी भरलं, शॉक टाकला, ब्रोमीन येईना. कारण ब्रोमाइड जुन्या पाण्याबरोबर गटारात गेलं. शॉक ब्रोमाइडचं ब्रोमीन करतो, ब्रोमाइडच नसेल तर करणार कशाचं? दर भरतीला ३० पीपीएम सोडियम ब्रोमाइड आधी टाका, १२०० लिटरच्या टबला ३६ ग्रॅम.

पाणी कधी बदलायचं? टबचे लिटर भागिले ११ भागिले रोज बसणारी माणसं. १२०० लिटर आणि रोज चार जण म्हणजे २७ दिवस. गर्दीच्या डिसेंबरात रोज आठ बसले तर दोन आठवड्यांच्या आतच. रिकामा करण्याआधी पाइप क्लीनर घालून जेट चालवा, नाहीतर पाइपमधला बुळबुळीत थर नव्या पाण्याला पहिल्याच दिवशी बाटवतो.

आयोनायझर, ओझोन, यूव्ही

ओझोन आणि यूव्ही पाइपमधून जाणाऱ्या पाण्यावरच काम करतात, पूलमध्ये त्यांचं काही उरत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जंतू पूलमध्येच जातो, तिथे ते नसतात. मदतनीस म्हणून ठीक. यूव्हीच्या काचनळीवर लोहाचा तांबूस थर बसतो आणि दिवा जळत असूनही किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. इथल्या पाण्यात ती नळी पुसायचं काम कॅलेंडरवर टाका.

आयोनायझरमध्ये तांबं मोजायचं, ०.२ ते ०.४ पीपीएम, तांब्याच्या किटनेच. पीएच ७.८ च्या वर गेला की निळसर-हिरवे डाग. अशा पूलमध्ये मोनोपरसल्फेटचा शॉक देतात आणि मग डीपीडीची तीन नंबरची गोळी गुलाबी होते. पाण्यात क्लोरीन थेंबभर नसतं, गोळी शॉकला "संयुक्त क्लोरीन" समजते. तो आकडा बघून बेफिकीर होऊ नका. शॉकच्या आधी, सकाळी मोजा, किंवा शॉकचा परिणाम काढून टाकणारं वेगळं थेंबद्रव्य मिळतं ते वापरा. मोनोपरसल्फेट मळ जाळतं, जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबायचं नसतं.

पट्ट्या

बायग्वानाइड आणि पेरॉक्साइडला बहुतेक घरी पट्ट्याच वापरतात, आणि जुलैत गोव्याच्या हवेत पट्टी डबी उघडल्या-उघडल्या ओल धरते. रंग फिका येतो, आकडा खोटा कमी दिसतो. डबी पंप रूममध्ये ठेवू नका, घरात कोरड्या डब्यात ठेवा. ओल्या बोटांनी पट्टी काढू नका. शंका आली तर ताज्या औषधाचे काही थेंब बादलीत घालून पट्टी बुडवा. तिथेही रंग आला नाही तर डबी फेकून द्या. पूलचं पाणी घेताना कोपरभर खोलवरून घ्या, रिटर्नच्या, म्हणजे गाळलेलं पाणी परत येतं त्या, तोंडाजवळचं नको.

भाड्याच्या बंगल्याला क्लोरीनवर परत यायचं असेल तर

माझं मत स्पष्ट आहे: घरच्यांपुरता पूल असेल आणि मोजणारा माणूस कायम असेल तर बायग्वानाइड चालेल. पाहुणे बदलत असतील तर क्लोरीन किंवा ब्रोमीन. सार्वजनिक पूलसाठीच्या सीडीसीच्या नमुना संहितेतही मुख्य जंतुनाशक हीच दोन. योग्य पीएच आणि नीट मोजलेलं क्लोरीन डोळ्यांना झोंबत नाही. झोंबतात ती घामाशी आणि लघवीशी संयोग पावलेली क्लोरामाइनं, आणि ती कमी औषधाच्या पूलमध्येच साठतात.

परत येताना घाई केली तर पूल तपकिरी होऊन बसतो. आधी बायग्वानाइड आणि पेरॉक्साइड दोन्ही बंद करा आणि पातळी उतरू द्या. इथे पावसाळा मदतीला येतो, ओव्हरफ्लो चालू ठेवा आणि पाऊस धुऊन काढू दे. सप्टेंबरात पेरॉक्साइड शून्य आणि बायग्वानाइड पट्टीवर जेमतेम दिसेल इतकं झालं की पिवळट पाण्याची तयारी ठेवून द्रव क्लोरीन सुरू करा, संध्याकाळी, पंप चालू ठेवून. पहिले काही दिवस क्लोरीन घातलं की तासाभरात नाहीसं होईल. ते बायग्वानाइडला जाळत असतं, म्हणून रोज मोजून पुन्हा घालायचं. या काळात पोहायला बंदी, आणि क्लोरीन उन्हात टिकवणारं सायन्युरिक आम्ल अजून नको. पाणी नितळ झालं, रात्री मोजलेलं क्लोरीन सकाळी तेवढंच राहिलं, की काम झालं. तेव्हा फिल्टरची जुनी वाळू पूर्ण काढून नवी भरा. आधी बदललीत तर नवीच खराब होईल.